खंडेनवमीची उघडी बंदूक

बदली होऊन कलकत्त्याला आलो तेव्हा आपल्याला बंदुकीतलं सगळं कळतं, असं मीच चारचौघांत सांगून ठेवलं होतं. भांडवल एवढंच, की लहानपणी काकांच्या दुनळीला तेल लावायचो. ही बातमी भवानीपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी वकिलांच्या कानावर गेली आणि त्यांनी खंडेनवमीला जेवायला बोलावलं. त्यांची मुलगी मला फार आवडली होती. आधीच्या एका स्थळाने त्यांची बंदूक खांद्याला लावून पंख्यावर नेम धरला होता. त्याला वकीलसाहेबांनी तिथेच नकार दिला होता.

पाटावर पूजेला मांडलेली बंदूक पाहून माझा चेहरा उतरला. काकांच्या बंदुकीच्या नळ्या शेजारीशेजारी होत्या, हिच्या एकीवर एक. दोन्ही रिकाम्या आहेत हे सगळ्यांना दिसावं म्हणून ती बिजागरीवर वाकवून उघडी ठेवली होती. हळदकुंकू, फुलं, अक्षता वाहून झाल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "घ्या, पाहा."

मी दोन्ही नळ्यांतून खिडकीचा उजेड पाहिला. इथवर उत्तम. मग मिटायला गेलो तर मिटेना. खालची नळी खाचेत खोल बसत असणार, एवढं तर्काने कळलं. पुढे तर्क संपला. शेवटी ती उघडीच मांडीवर घेऊन, नळ्यांची तोंडं भिंतीकडे करून, मी जाणकाराचा आव आणून बसलो. बाहेर दुर्गापूजेचे ढाक वाजत होते.

"पाहिलंस?" वकीलसाहेब बायकोला म्हणाले. "माणसांत बंदूक मिटायची नाही, हे यांना सांगावं लागत नाही."

मी विनयाने मान खाली घातली. लाज म्हणून नव्हती मला.

मुलगी पानं मांडत होती. "बाबा, त्यांना ती मिटता येत नाहीये. खाचेत अक्षता अडकल्यात. मघापासून ढकलतायत."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. संपलं सगळं, असं वाटलं. "खरं आहे," मी म्हणालो.

तिने केसातला आकडा काढला आणि माझ्यासमोर बसून खाचेतले तांदूळ टोकरून काढले.

"यांना काही येत नाही गं," वकीलसाहेब म्हणाले.

"शिकवीन मी," ती वर न पाहता म्हणाली.

मग त्यांनी बायकोला माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढायला सांगितली. मला इतका आनंद झाला, की उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मांडीवर बंदूक होती, आणि ती खाली कशी ठेवायची हेही मला येत नव्हतं.