सोमवारचा फॅक्स

फॅक्स मशीनची घंटी वाजली की आमचे जपानी साहेब खुर्चीतून उठत आणि कोटाची बटणं लावत. वरचं, मधलं, खालचं. मग हात मांड्यांना चिकटवून मशीनसमोर उभे राहत आणि कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याला हात लावत नसत. आम्हा बाकीच्यांना फॅक्स म्हणजे कटकट. कागद अर्धा आला की ओढायचा आणि फाटला की शिव्या द्यायच्या. हे मात्र दारात पाहुणा आल्यासारखे अदबीने उभे.

हे फक्त सोमवारी, सकाळी आठच्या सुमाराला. इतर दिवशी कितीही फॅक्स येवोत, ते मान वर करत नसत.

बर्मिंगहॅमच्या ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो, तिथे गाड्यांच्या दारांची कुलपं बनत. नव्वदनंतर एका जपानी कंपनीने त्यात भागीदारी घेतली आणि आमचं काम सुधारायला यांना दोन वर्षांसाठी पाठवलं. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने शिडशिडीत, आवाज इतका हळू की मशीन शॉपमध्ये त्यांचं बोलणं ओठांवरूनच ओळखायचं. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. माझं आडनाव चौगुले. जपानी जिभेला ‘ल’ जड जातो, त्यामुळे मी ‘चोगुरे-सान’ झालो. पहिला आठवडा मी दुरुस्त करत राहिलो, मग सोडून दिलं. माझ्या इंग्रज फोरमनने वीस वर्षांत एकदाही माझं नाव धड घेतलं नव्हतं, मग यांनीच काय घोडं मारलं होतं?

काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “सोमवारी कळेल.” नवीन डाय नीट बसेल का? सोमवारी कळेल. माल वेळेवर जाईल का? सोमवारी कळेल. एका फिटरने मुद्दाम विचारलं, पाऊस थांबेल का? त्यांनी खिडकीपाशी जाऊन आभाळ नीट पाहिलं आणि तेच सांगितलं. सगळा शॉप हसला. तेही हसले, पण कशाला हसताहेत ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

एका सोमवारी मी माझे रिपोर्ट घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो तेव्हा तो कागद उघडाच होता. जपानी अक्षरं मला काय कळणार? पण एका कडेला एक ते अकरा आकडे होते, एकाखाली एक. मी कोल्हापूरचा. अकरा आकडे एका रांगेत दिसले की आम्हाला दुसरं काही सुचतच नाही.

“फुटबॉल?” मी विचारलं.

त्यांनी आधी कागद झाकला. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

तिकडे तेव्हा नुकतीच मोठी व्यावसायिक लीग सुरू झाली होती. झेंडे, परदेशी खेळाडू, टीव्ही. हा कागद त्या लीगचा नव्हता, तिच्या खालच्या दर्जाच्या लीगचा होता. त्यात बरेचसे कारखान्यांचेच संघ. यांच्या मूळ कारखान्याचाही एक होता, समुद्राकाठच्या लहानशा गावातला. पोरं दुपारी दोनपर्यंत मशीनवर उभी राहत, मग सराव करत. सामन्याला दोन-तीनशे माणसं, त्यातली निम्मी खेळाडूंच्या घरची. वर गेलेला संघ मोठ्या लीगमध्ये जाई, खाली राहिलेल्याला कुणी विचारत नसे.

मी त्यांना आमच्या पेठेच्या तालमीबद्दल सांगितलं. सामना असला की अख्खी पेठ मैदानावर, आणि हरलो की दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. मी स्वतः लेफ्ट बॅकला अनवाणी खेळलो होतो. “अनवाणी?” त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. थट्टा नव्हती ती. त्यानंतर दर सोमवारी ते मला स्कोअर सांगू लागले.

हंगाम मार्चमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरात संपे. त्या वर्षी मेपर्यंत त्यांचा संघ चौथा होता. कागद आला की ते आधी सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवत, एक नंबरच्या, म्हणजे गोलकीपरच्या. स्कोअर मागाहून. मला वाटलं, ही त्यांची वाचायची पद्धत.

जूनमध्ये आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं. आमच्या हिने पांढरा रस्सा केला होता, तो त्यांनी तीन वाट्या प्यायला. भडंग मात्र ते एकेक दाणा उचलून खात होते. पाहुण्याने बकाबका खाऊ नये म्हणून असेल, पण वाटी संपायला तास लागला. ही मला मराठीत म्हणाली, “अहो, विचारा ना, घरी कोण कोण असतं.” मी विचारलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, असं ते म्हणाले. मग बोट वर करून म्हणाले, “मुलगा. एक.” आणि थोड्या वेळाने माझ्याकडे बघून, “नंबर एक.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

परत सोडायला गेलो तेव्हा गाडीत त्यांनी बाकीचं सांगितलं. ते स्वतः त्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले होते आणि वीस वर्षं घासून इंजिनियर झाले. मुलाला विद्यापीठात घातलं. मुलाने ते अर्ध्यावर सोडलं आणि त्याच कारखान्यात रंगकामाला लागला, का तर संघात खेळायला मिळावं म्हणून. “मी त्याला म्हणालो, माझी वीस वर्षं तू धुऊन टाकलीस,” ते म्हणाले. त्याला चार वर्षं झाली होती. आईच्या अंत्यविधीला बापलेक शेजारी शेजारी उभे राहून आलेल्यांना नमस्कार करत होते. एकमेकांशी एक शब्द नाही. त्यानंतर इंग्लंडला जायला कोण तयार आहे असं कंपनीने विचारलं आणि यांनी हात वर केला.

फोन करा, असं मी सांगून पाहिलं. मुलगा कंपनीच्या वसतिगृहात राहतो, तिथला नंबर माझ्याकडे नाही, म्हणाले. तो मिळवणं अवघड नव्हतं. त्यांनाही ते माहीत होतं, मलाही.

ऑगस्टमध्ये संघ घसरायला लागला. एका सोमवारी फॅक्स आला, त्यांनी बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. नाव वेगळं होतं. एव्हाना त्या नावाचा आकार मलाही ओळखता यायला लागला होता. मी म्हटलं, विश्रांती दिली असेल.

“उजवा हात मोडलाय,” ते म्हणाले.

“तसं लिहिलंय का?”

“नाही. अक्षर डाव्या हाताचं आहे.”

मी कागद पाहिला. नेहमीची सरळ अक्षरं त्या दिवशी वाकडीतिकडी झाली होती, पहिलीतल्या पोराने काढल्यासारखी. तोवर मला वाटत होतं की क्लबचा कुणी कारकून फॅक्स पाठवतो. क्लबला कारकून ठेवणं परवडत नव्हतं. वर्षभर मुलगाच लिहीत होता, स्कोअर, अकरा नावं, गुणतक्ता आणि खाली तारीख. एक शब्द जास्त नाही. आणि हे दर वेळी कोऱ्या कागदावर ‘मिळाला’ एवढं लिहून परत पाठवत. त्यांचं बोलणं हे असं चाललं होतं.

त्या दिवशी ‘मिळाला’ लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. चांगली दहा मिनिटं ते कागदाकडे बघत उभे होते. हात कसा आहे, एवढंच लिहायचं होतं. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, एका पेटीतली कुलपं अडकत होती. त्यांनी कागद होता तसाच मशीनमध्ये घातला आणि खाली गेले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मायक्रॉनचा फरक त्यांना लांबून दिसतो, पण समोरच्या माणसाला एक वाक्य बोलायचं म्हटलं की त्यांना सगळं जग आडवं येतं. मी त्यांना हसलो नाही. माझे वडील गेले तेव्हा माझं त्यांना अर्धवट लिहिलेलं पत्र इथल्या टेबलाच्या खणात पडून होतं.

ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की हंगाम संपला की संघ बंद. तिकडे मंदी होती, आणखीही कारखाने संघ बंद करत होते. हे त्यांनी मला कॅन्टीनमध्ये चहा ढवळत सांगितलं. साखर घालत नसत, तरी बराच वेळ ढवळत राहिले. मी म्हटलं, आता फॅक्स बंद होणार, शेवटच्या वेळी तरी काही लिहा. ते म्हणाले, “सोमवारी कळेल.”

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुकानातून येताना ते फुटपाथवर कोसळले. हार्ट अटॅक. सोमवारी सकाळी मी मशीनपाशी एकटाच होतो. कागद आला. हरले होते, पण एक नंबरला नाव तेच होतं, आणि अक्षर पुन्हा सरळ. गुणतक्त्याखाली मात्र तीन ओळी जास्त होत्या.

दुपारी रजा टाकून मी बसने हॉस्पिटलमध्ये गेलो. ते उशीला टेकून बसले होते. डॉक्टर म्हणाले होते, धोका टळलाय. त्यांनी त्या तीन ओळी दोनदा वाचल्या.

“डिसेंबरमध्ये सुट्टी आहे, म्हणतो. येऊ का, विचारतोय.”

त्यांनी कागद मागितला. मी डायरीचं पान फाडून दिलं, तर फाटकी कड बघून त्यांनी ते परत केलं. शेवटी नर्सने कोरा कागद आणला. त्यावर सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि मला अर्थ सांगितला, “ये. इथे थंडी आहे, जाड कोट आण.” मग काळजीने विचारलं, “चोगुरे-सान, जास्त झालं का?”

मी म्हटलं, अजिबात नाही.

“हेड ऑफिसमार्फत नको,” ते म्हणाले. “तिथे सगळे वाचतात.”

मी तसाच कारखान्यात आलो आणि फॅक्सच्या कडेला छापलेला क्लबचा नंबर फिरवला. पलीकडून नुसता लांब, सपाट सूर. तिकडे रात्र असेल म्हणून मंगळवारी पहाटे उठून गेलो आणि पुन्हा लावला, सहा वेळा. क्लबचं ऑफिस संघाबरोबरच बंद झालं होतं आणि लाइनही काढून टाकली होती. मी त्या कागदाची कॉपी काढून क्लबच्या पत्त्यावर एअरमेलने पाठवली. पोचायला आठवडा लागणार होता, आणि तिथे घ्यायला कोण असेल, देव जाणे.

संध्याकाळी भेटायला गेलो तर त्यांनी मला बसूही दिलं नाही. “गेला का?”

“गेला,” मी म्हणालो.

इतका मोकळा झालेला चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता. बुधवारी त्यांनी नर्सकडून दाढी करून घेतली होती. मला वार विचारला. बुधवार, मी सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर तास मोजले आणि म्हणाले, “तिकडे आता रात्र असेल.” मग दाराकडे बघत पडून राहिले. मला वाटलं, थकलेत.

गुरुवारी सकाळी दुसरा अटॅक आला. त्यात ते गेले.

मुलाला कंपनीने कळवलं. तो रविवारी आला. उंच, बापासारखाच शिडशिडीत, अंगावर पातळ काळा सूट. अस्थी ताब्यात घेतल्यावर मी त्याला घरी आणलं. हिने वरणभात वाढला, तो त्याने खाली मान घालून खाल्ला. मग मी बापाच्या हातचा तो कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, पालथा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा वाचला.

मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, “लाइन काढून नेईपर्यंत उत्तर आलं नाही. मला वाटलं, नको म्हणतात.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. लागत नसलेला नंबर, पोस्टात टाकलेली कॉपी, आणि वडिलांनी विचारल्यावर मी ‘गेला’ म्हणालो ते. त्यांना शांत वाटावं म्हणून खोटं बोललो, असं म्हटलं. ते समाधानाने गेले, असंही म्हटलं. मला स्वतःला तसंच वाटत होतं.

त्याने कागद पुन्हा हातात घेतला. रागावलेला नव्हता. मनात काहीतरी जुळवत होता.

“म्हणजे मंगळवारपासून,” तो म्हणाला, “ते माझ्या उत्तराची वाट बघत होते?”

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बुधवारची ती ताजी दाढी आणि बोटांवर मोजलेले तास डोळ्यांसमोर आले. आत हिने भांडी घासायची थांबवली होती.

“हो,” मी म्हणालो. “बघत होते.”