अक्कलदाढेची उघडी मुळं

दातांवरून वय सांगते म्हटलं की लोकांना मी ज्योतिषीण वाटते. सुळ्याची रुंदी मोजून सांगाडा बाईचा की पुरुषाचा ते बघायचं, दाढेची मुळं मोजून वयाचा अंदाज बांधायचा, एवढंच माझं काम. त्यातही उत्तर ‘साधारण’ असंच येतं, आणि दिल्लीत साधारण कुणालाच नको असतं.

दिल्लीजवळच्या मानेसरच्या एका कारखान्यातून सुटे भाग चोरल्याच्या संशयावरून पकडलेला पोरगा फौजदारांनी माझ्यासमोर आणून बसवला. वयाचा पुरावा काहीच नव्हता. अठराच्या आतला ठरला तर सुधारगृह, नाहीतर मोठ्यांचा तुरुंग. फौजदारांनी निकाल आधीच लावून टाकला होता.

“मॅडम, अक्कलदाढ निकल आयी है. बालिग है. आप बस एक नंबर लिख दो.”

डोक्याला नुसता ताप. दाढ हिरडीतून वर आली म्हणून कुणी सज्ञान होत नाही, काहींची लवकरच येते. मी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. मुळांची टोकं अजून चांगली उघडी होती, म्हणजे दाढेची वाढ पुरी व्हायचीच होती. मापं घेतली, तर सतरासुद्धा ओढूनताणून. हे समजावून समजावून माझी जीभ झिजली आहे.

आणि हा पोरगा दुसरा शहाणा. वय विचारलं की “अठारह”. परत विचारलं, “अठारह”. हिंदीचा हेल ओळखीचा वाटला म्हणून मराठीत गाव विचारलं, तर नांदेडकडचा निघाला.

“अरे बाबा, इथे तरी खरं बोल. अठरा म्हणालास तर थेट मोठ्या तुरुंगात जाशील.”

तो खाली बघत म्हणाला, “मुकादमानं बजावलंय, ताई. कुणीबी इचारलं तरी अठराच सांगायचं. न्हाईतर गेटातून आत घेत न्हाईत.”

मी कपाळावर हात मारला. अख्खी सकाळ फौजदारांशी हुज्जत घातली, एक आकडा काही दिला नाही. शेवटी अहवालात लिहिलं, अठराच्या आतला असण्याची शक्यता अधिक. फौजदार तोंड वाकडं करून फोनवर बोलायला बाहेर गेले.

“काय लिवलं, ताई?” पोरानं विचारलं.

मी सांगितलं, जरा ऐटीतच. त्याचा चेहरा पार उतरला.

“मग मला परत कामावर कोण घेईल? घरी पैसं कसं धाडू?” तो खुर्ची सोडून माझ्या टेबलापाशी आला. “ताई, एखादं वरीस वाढवून लिवा की.”