कानबाई आणि चौदा खाती

सुषमाची खुर्ची उधन्याच्या साडी छापणाऱ्या एका कारखान्यात, डिझाईनच्या खोलीत. तिच्या आईने, अनुसयाबाईने, बावीस वर्षं ह्याच कारखान्यात जमिनीवर बसून साड्यांचे धागे कापले. म्हणून घरात त्या खुर्चीचं कौतुक अंमळ जास्तच. सगळे नमुने ज्यात आहेत तो कॉम्प्युटर सुषमा सांभाळते.

बाईची एकच खोड. आपल्या खानदेशातला माणूस दारात आला की तिच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. जेवणाच्या सुट्टीत कामगार येत, दाखल्याचे अर्ज टाइप करत. शेठना न विचारता तिने चौदा जणांना त्यांच्या नावाची खाती उघडून दिली होती. तिचा विचार सरळ होता: ओसरीवर खुशाल बसा, माजघराची किल्ली माझ्याकडे.

मग एका सकाळी बातमी आली. कॉम्प्युटरच्या मूळ यंत्रणेत, सगळे प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात अशा एका लायब्ररीत खोट सापडली होती. ज्याचं आत साधं खातं आहे, तो तिच्यातून थेट अख्ख्या कॉम्प्युटरचा मालक होऊ शकत होता. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तीच गत. आपली माणसं तसं करणार नाहीत, ह्याची तिला खात्री होती. पण चौदाही जणांनी पासवर्ड ठेवला होता ‘कानबाई’, आपल्या खानदेशी देवीचं नाव, आणि ते कामगारांच्या अख्ख्या बमरोली वस्तीला ठाऊक.

दुरुस्ती आली होती. पण त्यासाठी छपाई तासभर थांबवायला हवी, आणि शेठ विचारणारच, एवढी घाई कसली? खरं सांगितलं तर खुर्ची जायची. तरी सुषमा शेठकडे गेली आणि चौदा नावांसकट सगळं सांगून मोकळी झाली.

“साचुं कीधुं, ए सारुं,” खरं सांगितलंस हे बरं, अशा अर्थाचं शेठ गुजरातीत म्हणाले. छपाई थांबवली, खाती मात्र आजच बंद कर म्हणून बजावलं.

कामगारांना हे सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छपाईवरच्या सखारामनेच तिला सावरलं. “ताई, तुनी खुर्ची ऱ्हायनी पाहिजे. अर्ज आमी आमना हाते लिखी लेसूत.”

दुसऱ्या दिवशी सुट्टीत चौदाही जण कागद-पेन घेऊन तिच्या दाराबाहेर मांडी घालून बसले. सुषमा खुर्चीवरून उठली, आईसारखीच जमिनीवर बसली आणि एकेक अर्ज तपासू लागली. मोठ्या सुखात होती बाई.