कण्णबळ्ळीचा घोट

कण्णबळ्ळी म्हणजे डोळ्यांचा वेल. आमच्या कुळदेवीला वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या पानांचा रस ताकात घालून दाखवतात आणि प्रसाद म्हणून घरातल्या बायका एकेक घोट घेतात. गेलेलं माणूस मग घटकाभर समोर येऊन बसतं, बोलतं. पण एका माणसासाठी हा घोट एकदाच. पुन्हा मागायचा नाही.

आई गेली त्या दिवशी आमच्या मळमड्डीच्या गल्लीत आठवड्यानं नळाला पाणी सोडणार होते, म्हणून मी तिच्या उशाशून उठून भरायला घरी आले होते. बोलणं राहूनच गेलं. त्या घोटावर माझी सगळी भिस्त होती. वेल रायापूरला भावाच्या परसात. वर्षभर दर रविवारी स्कूटरवरून जाऊन मीच त्याच्या अळ्या वेचल्या. वहिनी तिकडे फिरकतही नव्हती. ती माहेरची कानडी, तिला आमच्या देवीचं काय एवढं?

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आत्यानं आधी मला वाटी दिली. लेकीचा मान पहिला. घोट कडूजहर. मी वाट पाहत बसले. जास्वंदीची फुलं सुपाएवढी झाली, भिंत जराशी हलली आणि संपलं. आई काही आली नाही.

शेजारी वहिनी मात्र पदर सावरून ताठ बसली आणि रिकाम्या पाटाकडे बघत म्हणाली, "बर्री अत्ती, कूड्री." या सासूबाई, बसा!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आई माझी, आणि आली कोणाकडे? वर कानडीत गप्पा! वहिनी हसत होती, मान डोलवत होती, मध्येच डोळे पुसत होती. तिला गदागदा हलवून उठवावं, असंच मला वाटत होतं.

रसाचा अंमल उतरल्यावर मी तिला मागीलदारी गाठलं. "काय म्हणाली आई? माझं काही विचारलं?"

"विचारलं की, अक्का. बराच वेळ तुमचंच चाललं होतं."

"मग सांग की!"

ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "शेवटी म्हणाल्या, आकीगे हेळब्याड. तिला सांगू नको."

सुभाष रोडवर साडी घेतली तर घरी पोचायच्या आत गल्लीला किंमत सांगणारी बाई ही. तोंडात तीळ भिजत नाही. पण त्या दिवसाला आता दुसरं वर्ष चालू आहे. मी गोडीनं विचारलं, भांडून विचारलं, पुरणपोळ्या खायला घालून विचारलं. वहिनी गप्प. लेक मी, आणि आईचा शब्द पाळतेय ती.