हालेल आधी की कद्दीश

दहा पुरुष जमवणं म्हणजे काय, हे बहारीनमध्ये ज्यू म्हणून राहिल्याशिवाय कळायचं नाही. कोकणात आमच्या गावी सिनेगॉगच्या दारातून हाक मारली तरी सहासात बेने इस्राएल, म्हणजे आम्ही कोकणातले ज्यू, चपला अडकवून यायचे. इथे मनामात मी तीन आठवडे फोन फिरवत होतो. आईला जाऊन वर्ष होत होतं. तिच्यासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचं तर दहा पुरुष हजर लागतात, नऊ चालत नाहीत. वर्षभर ते गावाकडे दुसऱ्याच कुणीतरी माझ्या वतीनं म्हटलं होतं. हा एक दिवस तरी मुलानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

तो दिवस आला नेमका इस्राएलच्या स्वातंत्र्यदिनी. मला वाटलं, बरंच झालं, लोक उत्साहानं येतील. आले, आणि उत्साहच नडला.

दहावा माझा मावसभाऊ. सखीरला विद्यापीठाच्या एसी प्लांटवर शिफ्ट करतो. लहानपणीच पोरका झाला आणि आमच्या घरी, आईच्या हातचं खाऊन वाढला. सकाळी सात वीसला सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, कोपऱ्यावर त्याची कंपनीची बस येते, हे त्यानं मला चार वेळा सांगितलं होतं. तो पोहोचला पावणेसातला. तोवर आम्ही नऊच, त्यामुळे सुरुवातीचं कद्दीश हुकलं. असू दे, म्हटलं, शेवटचं आहेच.

मुख्य प्रार्थना झाली आणि घोडं अडलं. सणाच्या दिवशी या टप्प्यावर हालेल म्हणतात, म्हणजे देवाच्या स्तुतीची सहा स्तोत्रं, आणि त्याआधी बेराखा, म्हणजे ‘तू आम्हाला ही आज्ञा दिलीस’ असं देवालाच सांगणारी ओळ. आता स्वातंत्र्यदिन हा सण आहे का? तेल अवीवहून धंद्यासाठी आलेला पाहुणा म्हणाला, अर्थातच आहे. दोन हजार वर्षांनी देश मिळाला, याहून मोठा चमत्कार कोणता? बेराखा म्हणा, चाल लावून म्हणा. दाढीवाला अमेरिकन बँकर उभा राहिला. आपल्या पंचांगात हे दिवस शोकाचे, केसही कापत नाहीत आपण. शिवाय देवानं न दिलेल्या आज्ञेची बेराखा म्हणणं म्हणजे त्याचं नाव फुकट घेणं. अगदीच राहवत नसेल तर बेराखा गाळा, आणि सगळी प्रार्थना, कद्दीशसुद्धा, संपल्यावर हवी तेवढी स्तोत्रं म्हणा.

पाहुण्यानं फोनवर एका धर्मगुरूचा निर्णय उघडला. बँकरनं दुसऱ्याचा उघडला. प्रार्थना चालवणारे इथले म्हातारे गृहस्थ दर मिनिटाला “यल्ला, यल्ला, लोकांना ऑफिसं आहेत,” म्हणत होते आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. आम्ही बेने इस्राएल मूळचे तेली, नमनाला घडाभर तेल आम्हालाही लागतंच, पण हे दोघे अख्खा घाणा घेऊन आले होते. माझं डोकं तापलं. अरे, माझी आई गेली आहे, तुमचे चमत्कार तुमच्याकडे ठेवा, असं ओरडावंसं वाटलं.

ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी काय केलं, तर वादात उतरलो. बँकर म्हणाला, “भारतात कुठे हे असलं शास्त्र असतं?” आणि मला ते झोंबलं. आमच्या गावी हालेल कसं म्हणत, कुठल्या जागी, वडील कसे उभे राहत, सगळं मी सांगायला लागलो. हालेल त्याच्या जागीच झालं पाहिजे, शेवटी नाही, असं मी बजावून सांगितलं. कोपराला हात लागला. मावसभाऊ.

“दादा, निघावं लागेल रे. बस येईल.”

“थांब, दोन मिनिटं. याला काही माहीत नाही, बघ,” मी म्हणालो आणि पुन्हा बँकरकडे वळलो.

मी जिंकलो. हालेल त्याच्या जागी, बेराखा गाळून, असं ठरलं. पाहुण्यानं गाल फुगवले, पण गायला छान. मीही गायलो, आमच्या चालीत. शेवटी म्हाताऱ्यांनी कद्दीशसाठी मला पुढे बोलावलं आणि मान वळवून पाहिलं. आम्ही नऊ होतो.

बँकरच मग घाईघाईनं म्हणाला की नऊ माणसं आणि धर्मग्रंथांचं कपाट मिळून दहा धरता येतात, असं एक जुनं मत आहे. म्हाताऱ्यांनी नकारार्थी मान हलवून पुस्तक मिटलं. बँकरचं आधी ऐकून हालेल शेवटी ठेवलं असतं तर कद्दीश केव्हाच होऊन गेलं असतं. इतका संताप आला, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी सापडेना.

दुपारी सनाबिसच्या ऑफिसात डबा उघडला तेवढ्यात मावसभावाचा फोन आला. मागे प्लांटची घरघर चालू होती.

“दादा, रागावू नकोस हं, थांबताच आलं नाही. पण बसमध्ये घड्याळ बघत होतो. म्हटलं, आता दादाचं कद्दीश सुरू झालं असेल. तसं आठवून आठवून तिथूनच आमेन म्हटलं, मोठ्यानं. शेजारचा मल्याळी बघायला लागला. मावशीसाठी म्हटलं मी. चालतं ना असं?”

सकाळभर मी शास्त्र पाजळलं होतं. डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

“चालतं,” मी म्हणालो.