नारायणदादांचा पाट

मंडळी, दुपारी गणपती घरी आणला. उद्याची सगळी तयारी पडलीय, पण हात चालत नाहीयेत, म्हणून इथे लिहितोय.

दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी रोह्याहून जोह्याला मूर्ती आणायला जातो. बारा वर्षांपूर्वी तिथल्या कारखान्यात नारायणदादा भेटले. वडखळजवळच्या खाडीकाठचे, मिठागरात काम करणारे. तेव्हापासून आमचा दिवस ठरलेला. चहा, गप्पा, मग एकमेकांची मूर्ती गाडीत ठेवायला हात लावायचा. वर्षातून तेवढीच भेट.

आज त्यांची मूर्ती तयार होती. त्यांनीच महिन्यापूर्वी आणून दिलेल्या पाटावर, नावाची चिठ्ठी लावलेली. म्हटलं, येतीलच. दोन चहा सांगितले.

कारखानदार म्हणाला, "दादा नाय येनार आता. परवा गेले. घरात सुतक हाय, मूर्ती नाय नेनार."

दोन्ही चहा मीच प्यायलो.

येताना वडखळ लागलं. तिथून दादांचं घर दहा मिनिटांवर, हेही मला आजच कळलं. पण मांडीवर गणपती होता. सुतकाच्या घरी वळणार कसा? ड्रायव्हरला नुसतं "सावकाश घे" म्हटलं.

विसर्जन झालं की जाणार आहे. पण दारात वहिनींना काय सांगू, कोण आलंय? माझं नाव सांगून उपयोग नाही, दादांनाच ते माहीत नव्हतं. बारा वर्षं ते एवढंच विचारायचे, "काय रोहेकर, बरा हाय ना?"