लेझीमचा व्हिडिओ

फरीदाबादच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत मुलींचं लेझीम असतं. तीन वर्षांपूर्वी माझी चौदा वर्षांची मुलगी त्यात होती. अंगाने जाड, नऊवारीत घामाघूम. सगळ्या मुली डावीकडे वळल्या, ही एकटी उजवीकडे वळली आणि तशीच रंगात येऊन नाचत राहिली. मी मोबाइलवर शूट करत होतो. ते मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं. पुण्यातल्या पुतण्याने त्याचं रील केलं.

आठवड्याभरात ते तिच्या वर्गात पोचलं. खाली लोकांनी तिला म्हैस म्हटलं होतं, आणखीही बरंच काही. ती जेवेनाशी झाली, मग शाळेत जाईनाशी झाली. मी शहाणपण शिकवलं, "इग्नोर कर यार, लोक चार दिवसांत विसरतात." शेवटी तिचा फोन काढून घेतला. डॉक्टरांसमोर बसून मी सोशल मीडियाला मनसोक्त शिव्या घातल्या. पुतण्याशी बोलणं टाकलं.

परवा ती माझ्या फोनवर तेच रील बघताना सापडली. मी चिडलो. "अजून त्या कमेंट्स वाचतेस?"

"त्या कधीच्या पाठ झाल्यात, बाबा. मी आवाज ऐकते."

तिने आवाज वाढवून फोन माझ्यासमोर धरला. लेझीमच्याही वर, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक माणूस खदाखदा हसत होता.

"लोक नंतर आले," ती म्हणाली. "पहिला तू हसलास."